स्नायू कोणाला म्हणायचे?

मराठी शाळेत 'स्नायू' शब्द उच्चारला की वर्गातला एखादा मुलगा हमखास दंड फुगवून दाखवतो. पाठ्यपुस्तकाच्या दृष्टीने त्याचे बरोबरच आहे. पण हाच शब्द बंगाली शाळेत उच्चारला तर मुले मेंदूकडून निघणाऱ्या चेतातंतूंबद्दल बोलू लागतील. धाराशिव जिल्ह्याच्या उमरगा तालुक्यातून सीमा ओलांडून कर्नाटकात गेलो, तर कन्नड पुस्तकात स्नायू म्हणजे पुन्हा आपलाच दंडातला स्नायू. आणि ज्या संस्कृतातून या सगळ्यांनी हा शब्द उचलला, तिथे सुश्रुतसंहितेत स्नायू म्हणजे हाडांना बांधून ठेवणारी चिवट, पांढरी दोरी. मांसाच्या गठ्ठ्याला सुश्रुत 'पेशी' म्हणतो. मराठीत आपण पेशी कशाला म्हणतो, हे विज्ञानाच्या शिक्षकांना सांगायला नकोच.

एक शब्द, तीन अर्थ. हा नुसता भाषांतराचा घोळ असता तर भाषेच्या शिक्षकांवर सोपवून आम्ही मोकळे झालो असतो. पण शरीर नेमके कोण हलवते, ताण कोण सोसतो, याबद्दल माणसाने जे वेगवेगळे विचार केले त्यांचे ठसे या शब्दावर उमटले आहेत. लेखापुरते शब्द ठरवून घेऊ. स्नायू हा शब्द शाळेतल्या अर्थानेच वापरू. स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी ती कंडरा, पुस्तकात तिलाच स्नायुरज्जू असेही म्हणतात. हाडाला हाडाशी बांधणारा तो अस्थिबंध. आणि कंडरा, अस्थिबंध, स्नायूंभोवतीची पांढरी आवरणे हे सगळे ज्या घराण्यातले, त्या संयोजी ऊती.

आता सुश्रुताकडे वळू. त्याने शरीरात ९०० स्नायू, ५०० पेशी आणि १६ कंडरा मोजल्या आहेत. आकडे आजच्या शरीरशास्त्राशी जुळत नाहीत, पण त्यांच्यामागचे चित्र पाहण्यासारखे आहे. फळ्या एकमेकींना दोरांनी घट्ट बांधून केलेली नाव जशी माणसांचा भार पाण्यावर पेलते, तसे सांधे स्नायूंनी बांधलेले असल्यामुळे शरीर भार पेलते, असे तो सांगतो. खिळे न मारता दोरांनी शिवलेल्या नावा आपल्या किनाऱ्यावर पुढेही शतकानुशतके चालत होत्या, त्यामुळे हा दृष्टान्त त्याच्या श्रोत्यांच्या रोजच्या पाहण्यातला असणार. हाड, पेशी, शीर किंवा सांधा यांपैकी कशालाही इजा झाली तरी ती स्नायूच्या इजेइतकी घातक नाही, असेही तो म्हणतो. आणि पेशींचे काय? त्या हाडे, शिरा, स्नायू, सांधे यांना झाकतात आणि त्यांना बळ देतात. म्हणजे मांस हे मुख्यतः पांघरूण, खरा कारभार दोऱ्यांचा.

असे का वाटले असावे? सुश्रुताने शवविच्छेदनाची जी रीत सांगितली आहे तिच्यात उत्तर दडले असावे, असे आम्हांला वाटते. मृतदेह मुंज गवतासारख्या कशाने तरी गुंडाळायचा, पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात ठेवायचा, सात रात्रींनी बाहेर काढायचा आणि कुंचल्याने हळूहळू घासत थरामागून थर पाहायचा. अशा देहातले मांस मऊ पडून सुटते. टिकून राहतात त्या कंडरा आणि अस्थिबंध. जे टिकले तेच महत्त्वाचे वाटले, तर नवल नाही.

ग्रीकांचेही फार वेगळे नव्हते. त्यांचा 'न्यूरॉन' हा शब्द मुळात कंडरेचा, धनुष्याच्या दोरीचा. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात हिरॉफिलस आणि इरॅसिस्ट्रॅटस यांनी मेंदूशी जोडलेले तंतू ओळखले. पण तेही पांढरे, दोरीसारखेच दिसत असल्यामुळे त्यांनाही जुनेच नाव मिळाले. दुसऱ्या शतकातला गॅलेन पर्गमम इथे ग्लॅडिएटरांचा वैद्य होता, त्याने उघड्या जखमा भरपूर पाहिल्या होत्या. तरीही चेतातंतू आणि अस्थिबंध यांचे धागे एकत्र मिसळून कंडरा बनते, असे त्याचे मत झाले. त्याचे ग्रंथ नवव्या शतकात बगदादमध्ये अरबीत आले, तेव्हा भाषांतरकारांनी चेतातंतूसाठी 'असब' हा शब्द घेतला. गंमत अशी की तोही मुळात सांधे बांधणाऱ्या दोरीचाच शब्द.

हा अरबी शब्द धाराशिवलाही येऊन गेला आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. सातव्या निजामाच्या, उस्मान अली खान यांच्या नावावरून जिल्ह्याचे उस्मानाबाद झाले (धाराशिव हे नाव सरकारी कागदावर परत आले ते २०२३ मध्ये), आणि त्याच नावाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली हैदराबादला निघाले. तिथे वैद्यकासकट सगळे उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई. त्यासाठी वर्षभर आधीच खास भाषांतर विभाग उघडला होता. म्हणजे या भागातला एखादा विद्यार्थी घरी मराठीत 'शीर आखडली' म्हणत असेल, शास्त्रीबुवांकडून संस्कृत स्नायू ऐकत असेल आणि हैदराबादला जाऊन 'आसाब' शिकत असेल. स्नायू आणि आसाब या दोन्ही शब्दांच्या मुळाशी एक दोरीच होती. बोलीतली 'शीर' तर आजही रक्तवाहिनी, चेतातंतू आणि कंडरा या तिघींना बिनतक्रार सामावून घेते.

दोरीचे राज्य संपले ते युरोपात, सोळाव्या-सतराव्या शतकांत. १५४३ मध्ये व्हेसालियसने शरीराची भव्य चित्रे छापली आणि त्यांत स्नायू एकेक करून सुटे दाखवले. ते सुटे दिसावेत म्हणून विच्छेदन करणाऱ्याला आधी पांढरी आवरणे खरवडून टाकावी लागतात. ही सवय पुढे इतकी पक्की झाली की आजही शाळेच्या भिंतीवरच्या तक्त्यात लालभडक स्नायू असतात, टोकांना थोडा पांढरा रंग असतो, आणि बाकी सगळे जाळे गायब. १६६७ मध्ये स्टेन्सेनने स्नायूची भूमिती मांडली आणि फुगल्याशिवायही तो आखडू शकतो हे दाखवले. त्याच सुमारास स्वामरडॅमने बेडकाचा स्नायू काचेच्या नळीत आखडवून त्याचे आकारमान वाढत नाही हे प्रत्यक्ष पाहिले. मांस स्वतः ओढते, ते नुसते पांघरूण नाही, हे नक्की झाले. आता उलटी चूक सुरू झाली. सगळा पराक्रम स्नायूचा, आणि संयोजी ऊती म्हणजे बांधाबांधीचे सामान.

तरी दोरीवर केवढा ताण येतो, याचा हिशोब याच काळात मांडला गेला. नेपल्सच्या बोरेल्लीचा 'प्राण्यांच्या हालचालींविषयी' हा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १६८०-८१ मध्ये प्रसिद्ध झाला. तरफेचा नियम हाडांना लावून त्याने दाखवले की स्नायूला उचललेल्या ओझ्यापेक्षा कितीतरी जास्त बल लावावे लागते, कारण तो सांध्याच्या अगदी जवळ जोडलेला असतो. हे गणित वर्गात सहज करता येईल. एका पायाच्या चवड्यावर उभे राहा. घोट्याच्या सांध्यापासून चवड्यापर्यंतचे अंतर साधारण साडेबारा सेंटिमीटर, आणि सांध्यापासून मागच्या, टाचेवरच्या जाड कंडरेपर्यंतचे पाच सेंटिमीटर. वजन ५० किलो असेल तर कंडरेवरचा ताण अडीच पट, म्हणजे १२५ किलोच्या वजनाइतका. हे नुसते उभे राहिल्यावर! फिनलंडच्या पाव्हो कोमी यांनी माणसाच्या याच कंडरेभोवती मोजयंत्र बसवले, तेव्हा धावताना ताण ९,००० न्यूटनपर्यंत, म्हणजे शरीराच्या वजनाच्या सुमारे बारा पट गेलेला दिसला.

एवढा ताण घेणारी ही दोरी प्रत्यक्ष पाहायची असेल, तर धाराशिवसारखी सोय क्वचित कुठे असेल. काळी, काटक, बहुधा जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी या जिल्ह्याच्या नावाने देशभर ओळखली जाते. खाटकाकडून तिचा गुडघ्याखालचा एक पाय, वरच्या दोऱ्या लांब ठेवून, आणावा. (ज्यांना हे चालत नाही त्यांनी बांधावरून चालणाऱ्या शेळीचे पाय नीट पाहावेत, निम्मे काम होईल.) कातडे सोलले की दिसेल की इथे मांस जवळजवळ नाहीच. हाड, आणि त्याच्या पुढेमागे मोत्यासारख्या चमकणाऱ्या कंडरा. मागची ओढली की खूर मिटतो, पुढची ओढली की उघडतो. ओढणारे स्नायू वर आहेत. त्यामुळे पायाचे टोक हलके राहते आणि झटकन पुढे टाकता येते. ओझे वरच्या टोकाला ठेवून दोरीने खालचे काम करवून घेण्याची ही युक्ती विहिरीवर मोट हाकणाऱ्याला समजावून सांगावी लागली नसती.

हाच पाय दोनतीन तास उकळला तर रस्सा बोटांना चिकटतो. कंडरेतले कोलॅजन हे प्रथिन उष्णतेने उलगडून त्याचे जिलेटिन झालेले असते. कोलॅजनच्या तीन साखळ्या दोरीच्या पेडांसारख्या एकमेकींत गुंफलेल्या असतात, हे ज्यांनी मांडले ते जी. एन. रामचंद्रन आणि गोपीनाथ कर्था मद्रासचे. त्यासाठी त्यांनी कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेवर क्ष-किरण टाकले होते. नमुना मिळवून देण्यात मद्रासच्या चर्म संशोधन संस्थेची मदत झाली. त्यांचा पहिला निबंध १९५४ चा. योगायोग पाहा, त्याच वर्षी इंग्लंडमधून स्नायूच्या आतले दोन प्रकारचे तंतू एकमेकांवरून सरकतात म्हणून स्नायू आखूड होतो, हा सिद्धान्त प्रसिद्ध झाला. दोन स्वतंत्र गटांनी तो मांडला आणि दोन्ही गटांत एकेक हक्सले होते, एकमेकांचे कोणी न लागणारे. ओढणारा आणि दोरी या दोघांची आतली रचना एकाच वर्षी उजेडात आली, पण दोन वेगळ्या दालनांत. पाठ्यपुस्तकांतही ती तशी वेगळ्याच प्रकरणांत राहिली आहे.

दोघे मिळून काय करतात, हे पाहायला धाराशिवच्याच एका मैदानी खेळाकडे जाऊ. खो-खोत या जिल्ह्याच्या मुलींचे नाव मोठे आहे. २०१६ मध्ये गुवाहाटीला झालेल्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारतीय महिला संघाने सुवर्णपदक मिळवले, त्या संघाच्या कर्णधार सारिका काळे इथल्याच. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय महिलांनी जिंकला, तेव्हाही संघात धाराशिवच्या अश्विनी शिंदे होत्या.

या खेळात दोन प्रकारच्या हालचाली समोरासमोर येतात. चौकोनात बसलेली खेळाडू पाठीवर 'खो' मिळेपर्यंत दबा धरून असते आणि मग एकदम उसळते. पळणारी मात्र सतत पावले टाकत असते. डावीकडे झुकल्याची हूल देते, क्षणभर गुडघ्यात दबते आणि उजवीकडे निसटते. दोघींच्या पायांतले स्नायू तेच, पण त्यांचा वापर सारखा नाही. बसलेलीचे स्नायू ताणून स्थिर झालेले असतात. पळणारीच्या दबण्यात पोटरीचा स्नायू आणि टाचेवरची कंडरा आधी ताणली जाते आणि लगेच आखडते. कंडरा त्या क्षणात स्प्रिंगसारखी ऊर्जा साठवते आणि तिच्यातली सुमारे नव्वद टक्के परत करते.

याचा पहिला सुगावा हिशोब जुळत नसल्यामुळे लागला. स्नायू खाल्लेल्या ऊर्जेच्या फार तर चतुर्थांशाइतके यांत्रिक काम करू शकतो. पण १९६४ मध्ये इटलीतल्या कावान्या आणि सहकाऱ्यांनी धावणाऱ्या माणसाचे काम आणि त्याने वापरलेला प्राणवायू मोजला, तर कार्यक्षमता चाळीस-पन्नास टक्के निघाली. जास्तीचे काम कोणीतरी फुकटात करत होते. पुढे ब्रिटनमधील मॅक्नील अलेक्झांडर यांच्या गटाने हा हिशोब अवयववार मांडला. १९८७ च्या त्यांच्या निबंधानुसार धावताना प्रत्येक पावलाला जिची उलाढाल होते त्या ऊर्जेपैकी सुमारे ३५ टक्के टाचेवरच्या कंडरेत आणि १७ टक्के तळपायाच्या कमानीतल्या अस्थिबंधांत साठून परत मिळते. पोटरीचा स्नायू त्या वेळी फारसा आखूडच होत नाही. तो दोरीचे एक टोक घट्ट धरून राहतो आणि लांबी बदलण्याचे काम दोरी करते. सुश्रुताने दोरीला दिलेला मान थोडा तरी परत मिळाला म्हणायचा.

वर्गात हे करून पाहता येते. भिंतीजवळ मुलीला खडू देऊन उभे करा. एकदा गुडघे वाकवून तीन सेकंद स्थिर राहून, आणि एकदा चटकन दबून लगेच, अशा उंच उड्या मारून भिंतीवर खूण करायला सांगा. हात दोन्ही वेळा सारखेच वापरायचे. दुसरी खूण बहुधा काही सेंटिमीटर वर जाते. मात्र हे सगळे श्रेय स्प्रिंगला देऊ नका. दबण्याच्या वेळात स्नायूला आपले बल पूर्ण उभारायला अवधी मिळतो, तोही मोठा भाग आहे. कोणाचा वाटा किती, यावर संशोधकांत बराच वाद झाला आहे आणि वरच्या वर्गातल्या मुलांनी तो जरूर घालावा.

आता तक्त्यातून खरवडून टाकलेल्या आवरणांकडे परत येऊ. शिजलेल्या मटणाचा तुकडा उलगडला की धागे सुटतात आणि धाग्यांच्या प्रत्येक जुडीभोवती पातळ, पारदर्शक पापुद्रा दिसतो. हा नुसता वेष्टणाचा कागद नाही. १९८३ मध्ये अमेरिकेत सिबिल स्ट्रीट यांनी बेडकाच्या स्नायूचा एक तंतू मोकळा केला, त्याचे एक टोक धरलेच नाही, फक्त कडेचे आवरण धरले. तंतूचा जवळजवळ सगळा ताण आवरणातून बाहेर पोचला. म्हणजे स्नायूतंतू दोरीसारखे फक्त टोकांशी ओढत नाहीत. ते सर्वांगाने शेजारच्या जाळ्याला ओढतात आणि ते जाळे पुढे कंडरेत विणले जाते. स्नायू कुठे संपतो आणि कंडरा कुठे सुरू होते, हा प्रश्नच मग थोडा सैल होतो.

हा आडवा जोड तुटला तर काय होते, हे एका दुर्दैवी आजारातून कळते. तंतूच्या आतला सांगाडा बाहेरच्या आवरणाशी जोडणाऱ्या साखळीत डिस्ट्रोफिन नावाचे प्रथिन असते. ते १९८७ मध्ये सापडले, आणि ड्यूशेन नावाच्या स्नायुक्षयात नेमके तेच नसते, हेही तेव्हाच समजले. ओढण्याची यंत्रणा शाबूत असते, पण प्रत्येक ओढीबरोबर तंतूचे आवरण फाटत जाते. हा आजार बहुतांशी मुलग्यांना होतो. पोटऱ्या उलट जाड दिसतात, आणि खाली बसलेला मुलगा उठताना हातांनी स्वतःच्या गुडघ्या-मांड्यांवर जोर देत अंगावरूनच वर चढल्यासारखा उठतो. इंग्लंडचे डॉक्टर गॉवर्स यांनी १८७९ मध्ये ही खूण नोंदवली. खो-खोच्या रांगेतून असा उठणारा लहान मुलगा दिसला, तर आळशी म्हणून ओरडण्याआधी त्याच्या पालकांना बालरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. ही खूण सर्वांत आधी दिसण्याची शक्यता डॉक्टरांपेक्षा शाळेच्या मैदानावर जास्त आहे.

मैदानाबद्दल आणखी एक. एकदम वळणे, थबकणे, उडी मारून उतरणे असलेल्या खेळांत गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण मुलींमध्ये मुलग्यांच्या दोन-तीन पट, काही पाहण्यांत त्याहूनही अधिक आढळते. उतरताना गुडघे वाकलेले हवेत, आणि ते आत एकमेकांकडे न कलता पावलांच्या रेषेत हवेत, एवढा सराव आठवड्यातून दोनतीनदा करून घेतला तरी हे प्रमाण कमी होते, असे अनेक देशांत दिसले आहे. सरावाने स्नायू काही आठवड्यांत बळकट होतात. कंडरांना त्याहून बरेच जास्त दिवस लागतात, कारण त्यांच्यात रक्तपुरवठा तुटपुंजा आणि जिवंत पेशी विरळ असतात. स्पर्धा महिन्यावर आली म्हणून एकदम दुप्पट सराव घेतला, तर ओढणारा तयार आणि दोरी कच्ची, अशी अवस्था होते.

आणि ही दोरी विणली कधी जाते? १९५० च्या दशकात आणि १९६३ पर्यंत झालेल्या अणुस्फोटांमुळे हवेतल्या किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले होते, आणि नंतर ते हळूहळू उतरले. तो कार्बन पिकांतून अन्नात आणि अन्नातून माणसांच्या शरीरात गेला. २०१३ मध्ये डेन्मार्कच्या काट्या हाइनेमायर आणि सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या साली जन्मलेल्या माणसांच्या टाचेवरच्या कंडरेच्या गाभ्यातला हा कार्बन मोजला. स्नायूंतला कार्बन अलीकडचा होता. कंडरेच्या गाभ्यातला मात्र प्रत्येकाच्या वयाच्या पहिल्या सतरा वर्षांतला निघाला. उंची वाढत असताना तो गाभा बनतो आणि पुढे जवळजवळ बदलत नाही. १९६० च्या दशकात शाळेच्या मैदानावर पळणाऱ्या, आणि शिक्षक म्हणून केव्हाच निवृत्त झालेल्या माणसांच्या टाचांत त्या वर्षांच्या हवेतला कार्बन अजून तसाच असणार.